कृष्णधवलमध्ये हिरवळ, काळा कुत्रा, केशरी मांजर: सगळं एकच राखाडी का होतं?

सह्यवेडा

मंडळी, कृष्णधवल प्रचिंबद्दल (प्रकाशचित्रांबद्दल) नेमका सल्ला हवा आहे.

साहित्य असं: कॅनन १५००डी, १८-५५ आयएस टू, ५० मिमी एफ/१.८ एसटीएम आणि ५५-२५०. रॉ (सेन्सरची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) आणि जेपेग दोन्ही साठवतो. संगणकावर डार्कटेबल आणि गिंप, फोनवर स्नॅपसीड. लाइटरूमची वर्गणी भरायची तयारी आहे, पण त्याने खरंच फरक पडणार असेल तरच.

विषय तीन. ताम्हिणी-माळशेजकडचा पावसाळा, घरचा काळा लॅब्रेडॉर आणि केशरी पट्ट्यांची मांजर.

पावसाळ्यातलं रंगीत प्रचि डोळ्यांना छान दिसतं. सॅच्युरेशन शून्यावर नेलं की भातखाचरं, झाडी, डोंगराचा उतार सगळ्याचा राखाडी लगदा होतो. तेरड्याची फुलं तर पानांत दिसेनाशी होतात. कॉन्ट्रास्ट वाढवला की आभाळ पांढरं फटक आणि झाडांखालचा भाग काळाकुट्ट.

कुत्र्याचं प्रचि घेतलं की एक तर अंगाचा नुसता काळा ठिपका उरतो, नाही तर तो राखाडी आणि धुरकट दिसतो. नाक स्पष्ट आलं तर डोळे पुसट. मांजरीचे पट्टे कृष्णधवल केल्यावर जवळजवळ जातात. रात्री कॅमेऱ्यातला फ्लॅश वापरला की दोघांचेही डोळे पांढरे दिव्यासारखे.

शिवाय १२×१८ची प्रिंट काढून आणली, ती हिरवट आली. पडद्यावर तीच फाइल शुद्ध राखाडी आहे.

लेन्सवर लावायचा लाल फिल्टर घ्यावा का? आणि सुरुवात कुठून करावी?

छायाप्रकाश

सॅच्युरेशन शून्यावर नेणं, इथेच सगळी माती होते. सुरुवात तिथून करा.

रंगीत चित्रात तेरड्याचं फूल पानापासून वेगळं दिसतं ते रंगामुळे. दोघांचा उजळपणा जवळपास सारखाच असतो. उदाहरणाला आकडे घेऊ (० म्हणजे काळं, २५५ म्हणजे पूर्ण उजळ). फूल: लाल २००, हिरवा ९०, निळा १६०. पान: लाल ९०, हिरवा १३०, निळा ५०. गिंपच्या डीसॅच्युरेटमध्ये 'ल्यूमा' निवडलं तर लाल २२ टक्के, हिरवा ७२ टक्के आणि निळा ६ टक्के धरून बेरीज होते. फुलाचे येतात ११८, पानाचे ११६. दोन पायऱ्यांचा फरक कुणाच्या डोळ्यांना दिसणार? आता यावर कॉन्ट्रास्ट कितीही ताणा, जे मुळात वेगळं नाही ते वेगळं होणार नाही. आधीच उजळ असलेलं आभाळ मात्र त्या ताणात फाटतं.

हीच फाइल नुसत्या लाल चॅनेलमधून, म्हणजे प्रत्येक बिंदूचा फक्त लाल आकडा धरून पाहा: फूल २००, पान ९०. गडद पानांवर उजळ फूल. हिरव्या चॅनेलमधून पाहिलं तर उलट, फूल ९० आणि पान १३०. म्हणजे फूल उजळ ठेवायचं की गडद, हे तुम्ही ठरवायचं. कृष्णधवल रूपांतरातला सगळ्यात मोठा निर्णय हाच, आणि तो कॉन्ट्रास्टला हात लावायच्या आधी घ्यायचा.

डार्कटेबलमध्ये 'कलर कॅलिब्रेशन' उघडून 'ग्रे' टॅबवर जा. तिथे लाल, हिरवा, निळा असे तीन स्लायडर मिळतील. तेरड्यासाठी लाल ०.८, हिरवा ०.२, निळा ० इथून सुरुवात करा. तिघांची बेरीज १ ठेवली की एकूण उजळपणा फारसा बदलत नाही. गिंपमध्ये हेच काम 'मोनो मिक्सर' करतो. स्नॅपसीडच्या कृष्णधवल पर्यायातही रंगीत फिल्टरची निवड आहे. यासाठी लाइटरूमची वर्गणी भरायची काही गरज नाही.

ज्यांच्याकडे लाइटरूम आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट मात्र सांगायला हवी. गवत आणि झाडी उजळायला लोक हिरवा स्लायडर ओढत बसतात आणि काहीच होत नाही. पानांचा रंग तिथे बराचसा पिवळ्यात मोडतो. पिवळा स्लायडर हलवा, चित्र लगेच हलेल. सोनकीच्या बाबतीत हेच आड येतं, कारण पिवळा वाढवला की फूल आणि गवत दोन्ही उजळतात. तिथे पिवळा थोडा वर आणि हिरवा बराच खाली असं जमवावं लागतं. वर सांगितलेल्या तीन स्लायडरच्या चॅनेल मिक्सरमध्ये ही अडचण येत नाही. पिवळ्या पाकळीत लाल भरपूर असतो आणि पानात कमी, म्हणून लाल वाढवला की सोनकी आपोआप उठून दिसते.

भातखाचरं आणि मागची झाडी वेगळी करायलाही लालच उपयोगी. कोवळं भात पिवळसर हिरवं, आंबा-जांभळीची जून पानं गडद हिरवी. लाल वाढवला की खाचरं उजळतात आणि झाडी खाली बसते.

दोन सावधगिऱ्या. सेन्सरवर निम्मे बिंदू हिरव्याचे आणि लाल-निळ्याचे पाव-पाव. त्यामुळे नुसत्या लाल किंवा निळ्यावर चित्र उभं केलं की दाणे (नॉइज) वाढतात आणि बारकावे कमी होतात. लाल ०.७-०.८च्या पुढे नेलात तर चित्र १०० टक्के आकारात उघडून तपासा. आणि व्हाइट बॅलन्स आधी दुरुस्त करा, मिश्रण नंतर. पिवळ्या बल्बखाली काढलेल्या प्रचित निळ्या चॅनेलमध्ये जवळपास काहीच नसतं. तो वाढवला की फक्त कचरा वर येतो.

प्रचि घेतानाच हा सराव करायचा तर कॅमेऱ्यात पिक्चर स्टाइल मोनोक्रोम ठेवा. मागच्या पडद्यावर कृष्णधवल दिसेल, रॉ फाइलमध्ये रंग शाबूत राहतील. त्याच मेनूत फिल्टर इफेक्टमध्ये पिवळा, नारिंगी, लाल, हिरवा असे पर्याय आहेत. एकाच फ्रेमवर चारही लावून पाहिले की कुठला रंग कुठे सरकतो ते डोळ्यांत बसतं. त्या जेपेगमध्ये मात्र रंग उरत नाही, म्हणून नुसत्या जेपेगवर हे करू नका.

रानवाटा

छायाप्रकाश यांच्याशी सहमत. पण पावसाळी हिरवळ राखाडी होण्याचं निम्मं कारण रूपांतरात नाही, पानांवरच्या पाण्यात आहे.

ओल्या पानावर ढगाळ आभाळाचं प्रतिबिंब पडतं. त्या पांढुरक्या थराखाली पानाचा स्वतःचा रंग झाकला जातो, आणि रंगच नसेल तर चॅनेल मिक्सर तरी काय वेगळं करणार? त्यावर उपाय म्हणजे सर्क्युलर पोलरायझर. लाल फिल्टरला लावणार तेवढे पैसे यात घाला. ओलं पान, ओला कातळ, पाण्याचा पृष्ठभाग, सगळ्यांवरची चकाकी तो कापतो. धातूवरची मात्र जात नाही.

वापरण्याची रीत: तुमच्या १८-५५ आयएस टूला ५८ मिमीचा फिल्टर बसतो आणि फोकस होताना पुढची काच फिरते. म्हणून आधी फोकस करा, लेन्सवरचं बटण मॅन्युअलवर टाका आणि मग पोलरायझर हळूहळू फिरवा. उलट क्रमाने केलंत तर फोकस होताना फिल्टर आपल्या जागेवरून हलतो. पानांवरचा पांढुरका थर जाऊन हिरवा गडद झाला की थांबा. दीड ते दोन स्टॉप उजेड कमी होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), ढगाळ हवेत ते चांगलंच जाणवतं, तेव्हा तिवई लागेल किंवा आयएसओ ८००-१६०० करावा लागेल. कृष्णधवलमध्ये १६०० खुशाल वापरा. डोळ्यांना खटकतात ते रंगीत ठिपके, आणि ते रूपांतरात निघून जातात. उरलेले दाणे फिल्मच्या दाण्यांसारखे दिसतात.

लाल फिल्टरबद्दल. लाल २५ क्रमांकाचा फिल्टर तीन स्टॉप उजेड खातो, पिवळा ८ क्रमांकाचा एक स्टॉप. कृष्णधवल फिल्मवर ते लागतातच. रंगीत सेन्सरपुढे लाल लावला तर हिरव्या-निळ्याचे बिंदू, म्हणजे पाऊण सेन्सर, जवळपास उपाशी राहतो. तोच परिणाम नंतर मिक्सरमध्ये मिळतो, आणि तोही परत बदलता येतो. घेऊ नका.

लाल फिल्टरने आभाळ नाट्यमय होतं हे खरं, पण ते निळं आभाळ. जुलैतलं आभाळ निळं नसतं. ढग राखाडी, म्हणजे तिन्ही चॅनेलमध्ये सारखेच. लाल लावा की निळा, ते जागचे हलत नाहीत. त्यांचा पोत हवा असेल तर तो एक्स्पोजरमध्येच पकडावा लागतो: ढगांचा हिस्टोग्राम (उजळपणाचा आलेख) उजव्या कडेला चिकटू न देता घ्या आणि रॉमध्ये दरी उचला. फरक फार असेल तर ऑटो ब्रॅकेटिंगवर तीन प्रचि, दोन-दोन स्टॉपच्या अंतराने. किंवा सरळ आभाळ फ्रेमबाहेर ठेवा. घाटात ५५-२५० वापरून फक्त उतार, धबधब्याची रेघ आणि धुकं एवढंच घेतलेलं कृष्णधवल प्रचि बहुतेक वेळा जास्त भरीव निघतं.

धुकं आणि धुरकटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिसेंबर-जानेवारीत दूरच्या रांगांवर दिसतो तो निळसर धुरकटपणा. बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून लाल वाढवला की दूरच्या रांगा स्वच्छ होतात आणि निळा वाढवला की एकामागे एक फिकट होत जाणारे थर मिळतात. पावसाळी धुक्यातले पाण्याचे थेंब त्या मानाने खूप मोठे. ते सगळे रंग सारखेच विखुरतात. तिथे कुठलाही फिल्टर कामाचा नाही. धुक्यात कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो आणि चित्र मळकट येतं, म्हणून +२/३ ते +१ एक्स्पोजर भरपाई द्या, म्हणजे मीटर सांगतो त्यापेक्षा तेवढे स्टॉप जास्त उजेड घ्या. नंतर ब्लॅक पॉइंट (चित्रातला सगळ्यात गडद काळा) फक्त जवळच्या झाडाच्या खोडावर नीट बसवा आणि मागचं धुकं तसंच राहू द्या. डिहेझ (धुरकटपणा काढणारा स्लायडर) इथे ओढू नका, धुक्याची सगळी मऊ उतरंड तुटते.

निसर्गात पुढचा प्रयोग करायचा तर ७२० नॅनोमीटरचा अवरक्त फिल्टर. हिरवी पानं जवळचे अवरक्त किरण भरपूर परावर्तित करतात, म्हणून झाडं बर्फासारखी पांढरी आणि निळं आभाळ काळं येतं. पण कॅमेऱ्यात सेन्सरपुढे अवरक्त अडवणारी काच असतेच, त्यामुळे भर उन्हातही एक्स्पोजर कित्येक सेकंदांचं लागतं. तिवई हवीच, वारा नको, फ्रेम आणि फोकस फिल्टर लावण्याआधी ठरवायचा. काही लेन्समध्ये मध्यभागी पांढुरका डाग येतो. तो छिद्र लहान केल्यावर जास्त ठळक होतो, तेव्हा एफ/५.६-८च्या पलीकडे जाऊ नका. आपला कॅमेरा किती अवरक्त आत घेतो ते आधी पाहायचं तर टीव्हीचा रिमोट लेन्ससमोर धरून दाबा आणि लाइव्ह व्ह्यूत दिवा दिसतो का बघा. हा प्रयोग ऑक्टोबरपासून पुढे करा, ढगाळ हवेत फुकट जातो.

मोती_मनी

प्राण्यांचं मी सांगते.

काळ्या कुत्र्याच्या अंगावर आपल्याला काळा रंग दिसत नसतो, दिसते ती केसांवरची चमक. चमक नसेल तर आकारही नाही. समोरून उजेड आला, मग तो फ्लॅशचा असो की कॅमेऱ्यामागच्या दाराचा, की ती चमक मोडते आणि ठिपका उरतो. म्हणून उजेड बाजूने घ्या, शक्य तर कुत्र्याच्या थोडा मागून. मोठी खिडकी किंवा ओसरीचं दार डाव्या-उजव्या हाताला ठेवा आणि कुत्र्याला त्यापासून तीन-चार फुटांवर बसवा. थेट ऊन नको, खिडकीतून नुसतं आभाळ दिसत असेल तर उत्तम. दुसऱ्या बाजूला पांढरी चादर खुर्चीवर टाकून दोन फुटांवर ठेवली की सावलीकडच्या गालाची कडा उठते. मागची भिंत फिकट किंवा मध्यम राखाडी असावी आणि कुत्रा तिच्यापासून किमान पाच-सहा फूट पुढे. बसवण्याआधी किंचित ओलसर फडक्याने अंग पुसून घ्या. धूळ गेली की चमक दुप्पट दिसते, आणि कृष्णधवलमध्ये धूळ फार चुगली करते.

राखाडी, धुरकट कुत्रा का येतो? मीटर समोर जे काही असेल त्याला मध्यम राखाडी धरतो. काळ्याला तो वर खेचतो, पांढऱ्याला खाली. काळा कुत्रा फ्रेमभर असेल तर -२/३ ते -१ १/३, पांढरी मांजर असेल तर तेवढीच भरपाई अधिक (+) बाजूला. १५००डीला स्पॉट मीटरिंग नाही, पार्शल (फ्रेमच्या मधल्या भागाचाच उजेड मोजणारं) आहे. ते लावून कुत्र्याच्या अंगावरचं रीडिंग घेतलंत तर साधारण दोन स्टॉप खाली या. त्या जागी केस काळे दिसतात, पण एकेक केस मोजता येतो.

नाक स्पष्ट आणि डोळे पुसट, हा क्षेत्रखोलीचा हिशोब आहे. ५० मिमी लेन्स, एफ/१.८ आणि एक मीटर अंतर, यात नीट फोकसमध्ये येणारा पट्टा जेमतेम अडीच सेंटिमीटरचा. लॅब्रेडॉरच्या नाकापासून डोळ्यापर्यंत दहाएक सेंटिमीटर तरी असतात. त्याच अंतरावरून एफ/४ केलं तर सहा सेंटिमीटर, तेही अपुरे. मागे सरकून अंतर दीड मीटर करा आणि एफ/४ ठेवा, तेरा सेंटिमीटरच्या आसपास मिळतात. नाक ते डोळे सगळं बसतं आणि मागची भिंतही मऊच राहते. चेहरा मोठा हवा असेल तर नंतर कापा, २४ मेगापिक्सेलमध्ये तेवढी सोय आहे.

फोकस नऊ बिंदूंपैकी फक्त मधल्या बिंदूने करा. १५००डीवर तोच एक क्रॉस-टाइप (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा) आहे, बाकीचे काळ्या केसांवर भरकटतात. तो बिंदू कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यातल्या चमकेवर ठेवा. डोळ्यात खिडकीचं प्रतिबिंब नसेल तर फोकसही अडखळतो आणि डोळाही निर्जीव दिसतो, तेव्हा कुत्र्याची मान थोडी खिडकीकडे वळवून घ्या. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे तुम्ही जमिनीवर. बसलेल्या कुत्र्याला १/२००, मान हलवत असेल तर १/५००, धावत असेल तर १/१००० किंवा अधिक. नुकताच खेळून आलेला कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो. त्याला शांत होऊ द्या, कारण लाल चॅनेलमध्ये जीभ पांढरी फट्ट येते आणि नजर तिथेच अडकते. आवाज काढून कान टवकारायला लावायचे असतील तर फ्रेम, फोकस सगळं तयार झाल्यावर एकदाच काढा. चौथ्या वेळी तो ढुंकूनही पाहणार नाही.

रूपांतरात एक सुंदर सोय आहे. काळे केस जवळपास रंगहीन असतात, पण लॅब्रेडॉरचे डोळे तपकिरी. लाइटरूममध्ये नारिंगी स्लायडर +२०-२५ केला की बुबुळं उजळतात आणि अंग जागच्या जागी राहतं. ब्रशने डोळे रंगवण्यापेक्षा हे कितीतरी नैसर्गिक दिसतं. गळ्यात लाल पट्टा असेल तर लाल वेगळा खाली घ्या, नाही तर तोच चमकेल. खिडकीत निळं आभाळ असेल तर केसांवरच्या चमकेत निळसर झाक येते. मग निळा किंचित वर घेतला की तेवढीच चमक वाढते.

मांजरीचं गणित उलट. केशरी अंग आणि गडद केशरी पट्टे दोन्हीत लाल ठासून भरलेला असतो, त्यामुळे लाल वाढवला की पट्टे पुसले जातात. फरक आहे तो हिरव्या-निळ्या चॅनेलमध्ये. लाल ०.२, हिरवा ०.६, निळा ०.२ करून पाहा. लाइटरूमवाल्यांनी नारिंगी -३०, पिवळा -१० असं काही. पट्टे परत येतील, नाक आणि कानाच्या आतला भागही थोडा गडद होईल, तो चांगलाच दिसतो. तेरड्याला चाललेलं मिश्रण मांजरीला लावू नका, एवढंच.

शार्पनिंग जपून. त्रिज्या ०.६-०.८ पुरे. क्लॅरिटी २०च्या पुढे गेली की केस तारेसारखे दिसायला लागतात.

फ्लॅशचं: कुत्र्या-मांजरांच्या दृष्टिपटलामागे टॅपेटम लुसिडम नावाचा परावर्तक थर असतो. रात्री कमी उजेडात दिसावं म्हणून तो आत आलेला प्रकाश परत फेकतो. फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळ असला की तो प्रकाश सरळ लेन्समध्ये येतो. कॅमेऱ्यातला फ्लॅश वळवता येत नाही, म्हणून तो बंदच ठेवा. वेगळा फ्लॅश असेल तर डोकं छताकडे वळवा. नऊ-दहा फुटांवरच्या पांढऱ्या स्लॅबवर उत्तम चालतं. कौलारू घरात वरचा अंधार सगळा उजेड गिळतो, तिथे बाजूच्या पांढऱ्या भिंतीवर मारा. खोलीतले दिवे चालू ठेवा, बाहुल्या आकसतात आणि चमक आणखी कमी होते. १५००डीवर फ्लॅशसोबत शटर १/२००च्या पुढे नेऊ नका.

छायाप्रकाश

मोती_मनी यांच्या एका मुद्द्याला दुरुस्ती सुचवतो. काळ्या कुत्र्याला वजा भरपाई जेपेगसाठी बरोबर आहे. रॉ घेत असाल तर उलट करा: फ्रेममधलं सगळ्यात उजळ, म्हणजे भिंत किंवा चादर, फुटत नाही तोवर जास्तीत जास्त उजेड आत घ्या आणि अंग संगणकावर खाली आणा. सेन्सरवर अंधाऱ्या भागात सिग्नल मुळातच कमी असतो. तिथे आणखी एक स्टॉप कापून केसांचा पोत नंतर उचलायला गेलात की दाणे आणि आडव्या पट्ट्या उचलल्या जातात. आणि हिस्टोग्राम पाहताना लक्षात ठेवा, तो जेपेगवरून बनतो. मोनोक्रोम स्टाइलमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवून ठेवला असेल तर रॉमध्ये जागा असूनही तो उजळ भाग फुटल्याचं दाखवेल. कॉन्ट्रास्ट -२ किंवा -३ ठेवून पाहा.

मोती_मनी

तिवईवरच्या दगडाला हे शंभर टक्के लागू. जिवंत कुत्र्याला नेहमी नाही. खिडकीच्या उजेडात एफ/४, आयएसओ १६०० ला १/१२५ मिळत असेल तर तुमच्या पद्धतीने मान हललेली येईल. तो एक स्टॉप मी शटरला देईन आणि १/२५० घेईन. हललेला डोळा कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त होत नाही, दाणे कृष्णधवलमध्ये खपून जातात. बाहेर सावलीत भरपूर उजेड असेल तेव्हा मात्र तुमचंच बरोबर.

सह्यवेडा

भरपूर मिळालं. लाल ०.८ने तेरडा खरंच वेगळा झाला, पण मागच्या झाडीच्या कडेला, जिथे ती आभाळाला भिडते, तिथे पांढरी किनार दिसते आहे. ते का? आणि प्रिंटचं राहिलं.

छायाप्रकाश

ती किनार दोन कारणांनी येते. एक, स्वस्त झूममध्ये कडांना लाल-जांभळी झाक येते; रंगीत चित्रात लक्षात येत नाही, एकच चॅनेल पुढे केला की उघडी पडते. लेन्स करेक्शन आणि क्रोमॅटिक अ‍ॅबरेशनची दुरुस्ती मिश्रणाआधी लावा. दोन, लोकल कॉन्ट्रास्ट किंवा शॅडोज फार ओढले असतील. ते शून्यावर आणून किनार जाते का पाहा. गेली तर गुन्हेगार तेच.

अंधारखोली

प्रिंटचं सांगतो.

बहुतेक लॅबमध्ये कृष्णधवल चित्रही रंगीत कागदावरच निघतं. राखाडी म्हणजे तिथे निळसर, किरमिजी आणि पिवळ्या रंगद्रव्याचं नेमकं समान मिश्रण. यंत्राचं कॅलिब्रेशन केसभर घसरलं तरी रंगीत चित्रात कळत नाही, राखाडीत लगेच हिरवी किंवा किरमिजी झाक उमटते. त्यात यंत्राचं स्वयंचलित रंगदुरुस्तीचं बटण चालू असेल तर ते राखाडीला काहीतरी रंग द्यायला धडपडतं. फाइल एसआरजीबीत (नेहमीच्या रंग-मानकात), तिन्ही चॅनेल ठेवून द्या. नुसती ग्रेस्केल फाइल काही यंत्रं वेडीवाकडी वाचतात. सोबत 'कोणतीही दुरुस्ती करू नये' हे स्पष्ट लिहून द्या.

झाक लपवायचा जुना मार्ग म्हणजे स्वतःच किंचित उबदार टोन देणं. ह्यू ३५-४५, सॅच्युरेशन ४-६. पडद्यावर जेमतेम जाणवतो, पण यंत्राची छोटी चूक त्यात पचून जाते. सॅच्युरेशन १० केलंत तर सरळ सेपिया दिसेल.

त्याहून चांगलं काम राखाडी शाया असलेल्या इंकजेटवर होतं, मॅट कागदावर. विचारताना 'काळ्याशिवाय राखाडी शाया किती आहेत' हे विचारा. तीन रंग आणि काळा एवढंच असेल तर अडचण लॅबसारखीच. प्रिंट दिवसाच्या उजेडात खिडकीशी पाहून मगच नापास करा. तीच प्रिंट एलईडी ट्यूबखाली हिरवट आणि बाहेर शुद्ध दिसू शकते. शेवटी भिंतीवर ज्या दिव्याखाली लागणार, तिथेही एकदा धरून पाहा.

काळा कुत्रा छापताना रंगछटेपेक्षा मोठी भानगड काळोखाची. लॅपटॉपचा पडदा पूर्ण उजळ ठेवून संपादन केलं की प्रिंट गडद येते. पडद्याशेजारी पांढरा कोरा कागद खोलीच्या उजेडात धरा आणि पडद्यावरचा पांढरा त्याच्या बरोबरीला येईल इतपत ब्राइटनेस खाली आणा.

मोठी प्रिंट काढण्याआधी ४×६ची चाचणी काढा. त्यात अर्ध्या भागात कुत्र्याच्या छातीवरचा सावलीतला तुकडा मूळ आकारात ठेवा आणि उरलेल्या अर्ध्यात ०, ५, १०, १५, २०, २५, ३० या मूल्यांचे राखाडी चौकोन शेजारी शेजारी. प्रिंटमध्ये जिथून पुढचे चौकोन वेगळे दिसायला लागतात तो त्या कागदाचा खालचा तळ. चकचकीत कागदावर तो खाली असतो, मॅटवर बराच वर. समजा १५च्या खालचे सगळे एकच काळे आले, तर कर्व्हचं खालचं टोक उचलून केसांच्या सावलीतला सगळ्यात गडद पोत १८-२०वर आणा. नाकपुड्या आणि तोंडाच्या फटी खाली गेल्या तरी हरकत नाही, तिथे पोत नसतोच.

आकाराचं: तुमची फाइल ६०००×४००० पिक्सेलची, १२×१८ला इंचामागे ३३३ पिक्सेल पडतात, भरपूर आहेत. दोनास तीन हे प्रमाण तिथे जसंच्या तसं बसतं. ८×१० किंवा १२×१५ सांगितलंत तर बाजू कापली जाईल, तेव्हा कापणी स्वतः करून द्या. यंत्रावर सोडली तर कुत्र्याचा कान जातो.